शेल कोसळला की आधी काय कराल

शेल मध्येच कोसळला की पुढची पाच मिनिटं सगळ्यांत मोलाची असतात, आणि नेमकी तीच आपण मशीन रीस्टार्ट करण्यात घालवतो. रीस्टार्टने काम पुन्हा सुरू होतं हे खरं. पण कर्नलच्या ज्या संदेशांत कारण लिहिलेलं असतं ते मेमरीतून पुसले जातात, तात्पुरत्या फोल्डरमधल्या फायली जातात, आणि ‘काल टर्मिनल बंद पडलं होतं’ एवढंच वाक्य हाती उरतं. त्या वाक्यावरून कुणालाही काहीच दुरुस्त करता येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली-मूलच्या पट्ट्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून शिकणारी मुलं, सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत संगणक सांभाळणारे ऑपरेटर, फोनवर टर्मक्स उतरवून बॅश गिरवणारे विद्यार्थी, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. विचारायला शेजारी जाणकार नसतो, नेटवर्क कधी असतं कधी नसतं, लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून तपासाची शिस्त इथे शहरापेक्षा जास्त लागते. (कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची; व्हेरिएबलची नावं मात्र मोठ्या अक्षरांत.)

तर पहिलं काम असं: दुसरं टर्मिनल उघडा आणि ‘डीमेसेज’ या कमांडचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्या. उबुंटूत त्यासाठी पुढे ‘सूडो’ लावावं लागतं. शेल खरोखर कोसळला असेल तर तिथे ‘सेगफॉल्ट’ हा शब्द, प्रोग्रॅमचं नाव, मेमरीतला पत्ता आणि कोणत्या लायब्ररीत पाय घसरला तिचं नाव, हे सगळं एका ओळीत सापडतं. ती ओळ जशीच्या तशी ठेवा. स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल, पण मजकूर असेल तर उत्तम, कारण पत्ते कॉपी करून शोधता येतात.

आता मुख्य प्रश्न: कोसळलं नक्की कोण? खिडकी नाहीशी झाली म्हणजे शेलच गेला असं नाही. टर्मिनलचा प्रोग्रॅम वेगळा, त्याच्या आत चालणारा शेल वेगळा, आणि शेलने सुरू केलेला प्रोग्रॅम आणखी वेगळा. तिघांतला कोणीही पडला तरी आपण ‘टर्मिनल बंद पडलं’ असंच म्हणतो, आणि मग तक्रार भलत्याच दारी जाते. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. बॅशमध्येच पुन्हा ‘बॅश’ टाइप करून एंटर दाबा. आता तुम्ही शेलच्या आतल्या शेलमध्ये आहात. ज्या कृतीने गडबड होते ती इथे करा. आतला शेल पडला तर बाहेरचा शाबूत राहतो आणि काय झालं ते सांगतो. लगेच ‘इको $?’ टाका. जो आकडा येईल तो वहीत लिहा.

१२८ च्या वरच्या आकड्यातून १२८ वजा केले की सिग्नलचा क्रमांक मिळतो. १३९ म्हणजे सिग्नल ११: प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी हाताळली, हाच तो सेगमेंटेशन फॉल्ट. १३४ म्हणजे सिग्नल ६: आत काहीतरी बिघडलंय हे प्रोग्रॅमला स्वतःलाच कळलं आणि तो थांबला. १३७ म्हणजे सिग्नल ९: बाहेरून कोणी तरी संपवलं. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील तर तो ‘कोणी तरी’ बहुधा कर्नलच असतो, आणि डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी स्पष्ट नोंद सापडते. ती शेलची चूक नव्हे. मेमरी कमी पडली. १३२ म्हणजे सिग्नल ४: प्रोसेसरला न समजणारी सूचना. नव्या प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर टाकला की हे दिसतं.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. अँड्रॉइड १२ पासून ॲपांनी मागे चालू केलेल्या उपप्रक्रियांवर मर्यादा आली, सगळ्या ॲपांच्या मिळून ३२. त्याहून जास्त झाल्या की यंत्रणा त्या मारून टाकते आणि टर्मक्समध्ये ‘प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९’ असा निरोप येतो. बॅशने काही बिघडवलेलं नसतं. सिग्नल ९ दिसला की बॅशच्या निर्मात्यांना कळवू नका. तुमच्या अँड्रॉइडची आवृत्ती पाहा.

शेलच पडतो आहे हे नक्की झालं की त्याच्या अंगावरचं सगळं उतरवून बघायचं. बॅश ‘--नोआरसी’ आणि ‘--नोप्रोफाइल’ या दोन पर्यायांसह सुरू करा. झी-शेलमध्ये ‘-एफ’, पॉवरशेलमध्ये ‘-नोप्रोफाइल’. घरच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फायली मग वाचल्याच जात नाहीत. आणखी कडक परीक्षा हवी असेल तर ‘एन्व्ह’ कमांडला ‘-आय’ देऊन तिच्यामार्फत बॅश सुरू करा; आधीचं एकही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल सोबत जात नाही. अशा कोऱ्या शेलमध्ये गडबड थांबली तर दोष तुमच्या सेटिंगने जागा केलेला आहे. सेटिंगची फाइल बाजूला कॉपी करा, तिचा अर्धा भाग काढा, पुन्हा पाहा. पडतो का? उरलेल्या अर्ध्यात दोष आहे. नाही पडत? काढलेल्या अर्ध्यात. हजार ओळींची फाइल असली तरी दहा वेळा निम्मं केलं की एका ओळीवर येता. स्क्रिप्ट चालवताना शेल पडत असेल तर ‘बॅश -एक्स’ने चालवा आणि निघणारा मजकूर फाइलमध्ये वळवा, शेवटची छापलेली ओळ बहुधा गुन्ह्याच्या जागी नेऊन सोडते.

या टप्प्यावर नवशिक्यांच्या बाबतीत एक कारण वारंवार निघतं, म्हणून ते वेगळं सांगतो. एलएस कमांडला रंग हवे असतात. कोणी तरी सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एलएस’ याच नावाचं फंक्शन लिहितो आणि त्याच्या आत पुन्हा ‘एलएस’ला रंगाचा पर्याय देऊन हाक मारतो. आतली हाक खऱ्या एलएसला जात नाही, त्याच फंक्शनला जाते. ते पुन्हा स्वतःला बोलावतं, आणि हे चालूच राहतं. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा सर्वसाधारणपणे ८ एमबी असते. ती संपली की बॅश सेगमेंटेशन फॉल्टने पडतो. दिसायला हा बॅशचा दोष वाटतो, पण अंतहीन पुनरावृत्तीला बॅश स्वतःहून आळा घालत नाही हे त्याच्या निर्मात्यांना ठाऊक आहे. फंक्शनच्या आत ‘कमांड एलएस’ असं लिहिलं की खरी एलएस चालते. आणि ‘फंकनेस्ट’ हे व्हेरिएबल १०० वर ठेवलं की फंक्शन त्यापेक्षा खोल जाऊ लागताच बॅश पडण्याऐवजी चूक दाखवून थांबतो. तक्रार करण्याआधी ही शक्यता पुसून घ्या.

आता आपल्या लिपीकडे येतो. मराठी वापरणाऱ्यांनी सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा असं मला मनापासून वाटतं.

‘सावली’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं. युनिकोडमध्ये ते पाच चिन्हांचं आहे: स, काना, व, ल, दुसरी वेलांटी. आणि डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. शेलला या तिन्ही मोजण्या सांभाळाव्या लागतात. डिस्कवर शोधताना बाइट मोजायचे, नमुन्याशी जुळवताना चिन्हं मोजायची, आणि कर्सर कुठे उभा करायचा ते ठरवताना पडद्यावरची रुंदी मोजायची. टॅब दाबून फाइलचं नाव पूर्ण करताना, बॅकस्पेसने खोडताना, लांब ओळ पुन्हा रंगवताना एका मोजणीच्या जागी दुसरी घेतली गेली तर कर्सर भरकटतो. नशीब खराब असेल तर मेमरीची हद्द ओलांडली जाते आणि शेल पडतो. इंग्रजी नावांत तिन्ही मोजण्या सारख्याच येतात, त्यामुळे इंग्रजीवर काम करणाऱ्याला हा दोष जन्मात दिसत नाही. तो आपल्यालाच दिसतो, आणि आपण कळवला नाही तर राहूनच जातो.

याची परीक्षा सोपी आहे. भाषा-लिपीची निवड, म्हणजे लोकॅल, ठरवणारं ‘एलसी_ऑल’ हे व्हेरिएबल ‘सी’ (मोठं अक्षर) ठेवून तीच कृती पुन्हा करा. तेव्हा शेल सगळं बाइटमध्येच मोजतो. ‘सावली’ची लांबी विचारली तर ५ ऐवजी १५ सांगतो. पडणं थांबलं तर दोष बहुबाइटी अक्षरांच्या वाटेवर आहे, ही निर्मात्यासाठी फार मोठी खूण.

दुसरी अडचण न दिसणाऱ्या चिन्हांची. ‘सातबाऱ्याची यादी’ अशा नावाची फाइल घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि य, असे ९ बाइट. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य, असे १२ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखे. एका मशीनवर शेल पडतो, दुसऱ्यावर नाही, आणि दोघं शपथेवर सांगतात की नाव तेच आहे! म्हणून नाव कधीही नुसतं लिहून पाठवू नका. ‘ओडी’ किंवा ‘एक्सएक्सडी’ने त्याचे बाइट काढा आणि ते कळवा. त्याहून चांगलं म्हणजे ‘प्रिंटएफ’ला अष्टमान आकडे देऊन तेच नाव बनवणारी ओळ द्या. ‘स’साठी \३४०\२४४\२७० (टाइप करताना इंग्रजी आकडे). ज्याच्या कीबोर्डवर देवनागरी नाही त्यालाही मग तुमची फाइल हुबेहूब बनवता येते.

असं चिकाटीने बारीक करत गेल्यावर काय हाती लागतं याचं एक ठळक उदाहरण २०१८ च्या फेब्रुवारीतलं आहे. एका तेलुगू जोडाक्षराचा संदेश आला की आयफोनवरची ॲप कोसळत, आणि सूचनेच्या पट्टीत तो आला तर खुद्द स्प्रिंगबोर्ड, म्हणजे फोनचा मुख्य पडदा सांभाळणारा प्रोग्रॅमच पडे. बातम्या ‘तेलुगू अक्षर’ एवढ्यावर थांबल्या. आयआयटी मुंबईत शिकलेले आणि त्या वेळी मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी ते अक्षर सुटं करून एकेक चिन्ह बदलून पाहिलं. तेलुगूखेरीज बंगाली आणि देवनागरीतही तसंच घडतं हे त्यांनी दाखवलं. देवनागरीतला नियम असा निघाला: र सोडून एखादं व्यंजन, हलन्त, मग र, मग जोड तोडणारं अदृश्य चिन्ह, आणि शेवटी स्वरचिन्ह. म्हणजे ‘क्र’ किंवा ‘प्र’ यांच्या मागे ते अदृश्य चिन्ह आणि काना आला तरी पुरे. १९ फेब्रुवारीला आलेल्या आयओएस ११.२.६ मध्ये ॲपलने दोष दुरुस्त केला. ‘अमुक संदेशाने फोन पडतो’ या बातमीचं ‘अमुक क्रमाने पाच चिन्हं आली की पडतो’ असं सूत्र झालं. शेलच्या तक्रारीतही हेच साधायचं आहे. फाइलच्या नावातलं एकेक अक्षर काढा, उरलेलं पाहा. ज्या अक्षराविना पडणं थांबतं ते ठेवा, बाकी सगळं टाका.

मशीनचीही बाजू ऐकून घ्या. आज बॅश पडला, उद्या ब्राउझर, परवा छपाईचा प्रोग्रॅम, आणि डीमेसेजमधले पत्ते दर वेळी वेगळे, असं असेल तर शेलला सोडा आणि मेमरी तपासा. मेमटेस्ट रात्रभर चालवा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा कधी कधी ४७ अंशांच्या वर जातो. बंद खोलीतल्या, पंख्यात धूळ साचलेल्या मशीनने दुपारी केलेल्या तक्रारीवर लगेच विश्वास ठेवू नका, सकाळी थंड असताना तीच कृती करून पाहा. काम चालू असताना लाइन गेली असेल तर डिस्कवरच्या फायली अर्धवट लिहिल्या गेलेल्या असू शकतात. डेबियन-उबुंटूत ‘डेबसम्स’, फेडोरात ‘आरपीएम -व्ही’ (इथे व्ही हे मोठं अक्षर) यांनी बसवलेल्या फायली मूळ प्रतीशी ताडून पाहता येतात. बॅशची किंवा त्याच्या लायब्ररीची फाइल जुळली नाही तर ती पुन्हा बसवा. तक्रारीची गरजच उरणार नाही.

एवढं करूनही शेल पडतच असेल तर दोष खरा आहे, आणि आता मेमरीचं चित्र, म्हणजे कोअर फाइल, पकडायची. नव्या वितरणांत ती बहुधा आपोआप जमा होते आणि ‘कोअरडंपसीटीएल’ने तिची यादी दिसते, उबुंटूत ‘व्हार’मधल्या ‘क्रॅश’ फोल्डरमध्ये पाहा. काहीच नसेल तर ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ म्हणून पुन्हा पाडा. मग जीडीबीमध्ये ती उघडून ‘बीटी’ टाकलं की कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची साखळी छापली जाते. तिच्यात नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर डीबग चिन्हं नाहीत. जीडीबी ती इंटरनेटवरून आणू का असं विचारतो. डाउनलोड मोठं असू शकतं. दिवसाचा डेटा ठरलेला असेल तर आधी आकार पाहा, नाही तर वायफाय मिळेल तिथे हे काम करा. साखळीत तीच चार-पाच फंक्शनं हजारो वेळा आली तर वर सांगितलेली अंतहीन पुनरावृत्ती समजा.

कोअर फाइल मात्र कुणालाही सहजी पाठवू नका. शेलच्या मेमरीत तुम्ही टाइप केलेल्या कमांड, पासवर्ड, एन्व्हायर्न्मेंटमधल्या किल्ल्या, सगळं असतं. सेवा केंद्रात कुणाचा आधार क्रमांक कमांडच्या ओळीत गेला असेल तर तोही त्यात आहे, आणि तो क्रमांक तुमचा नाही, तुमच्यावर भरवसा ठेवून आलेल्या माणसाचा आहे. पॉवरशेलमध्ये ओळ लिहिताना बिघाड झाला की शेवटच्या दाबलेल्या किल्ल्यांची यादी, २०० पर्यंत, पडद्यावर छापून येते. तपासाला ती अमूल्य आहे, पण पाठवण्याआधी एकेक ओळ वाचा.

आणखी एक सावधगिरी. काही क्रॅश म्हणजे नुसता क्रॅश नसतो, सुरक्षेचं भगदाड असतं. १२ सप्टेंबर २०१४ रोजी स्टेफान शाझेला यांना बॅशमध्ये असा दोष सापडला की एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून परकी कमांड चालवता येत होती. त्यांनी तो आधी बॅशचे सांभाळकर्ते चेट रेमी यांना खाजगीत कळवला. दुरुस्ती तयार झाल्यावर २४ तारखेला तो ‘शेलशॉक’ म्हणून जाहीर झाला. दोष १९८९ पासून तिथे होता. त्यानंतरच्या दिवसांत बॅशच्या वाचन-यंत्रणेत आणखी दोष निघाले. त्यांतला एक एकाच ओळीत चौदा वेळा ‘हिअर-डॉक्युमेंट’ची खूण दिली की शेल पाडून दाखवता येत असे. तेव्हा बाहेरून आलेल्या मजकुराने, म्हणजे उतरवलेल्या फाइलच्या नावाने किंवा वेबवरून आलेल्या माहितीने शेल पडत असेल, तर जाहीर लिहू नका. सांभाळकर्त्यांना किंवा तुमच्या वितरणाच्या सुरक्षा गटाला खाजगीत कळवा.

तक्रार लिहिण्याआधी आवृत्ती पाहा. मॅकवर येणारा बॅश ३.२ चा आहे, मूळचा २००६ सालचा. त्यावरची तक्रार घेऊन गेलात तर नव्यावर पाहा असंच सांगतील. डेबियन १२ मध्ये ५.२.१५ आहे. शेवटचा आकडा दुरुस्तीचा, तोही द्या. बॅशसोबत ‘बॅशबग’ नावाची कमांड येते. ती आवृत्ती आणि बांधणीचा तपशील आपोआप भरून एक आराखडा उघडते. त्यातला ‘रिपीट-बाय’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो कसा भरायचा याचा एक काल्पनिक नमुना देतो:

‘बॅश ५.२.१५, डेबियन १२, ६४ बिट. लोकॅल मराठी-भारत, यूटीएफ-८. रिकामा फोल्डर बनवा. सोबतच्या प्रिंटएफ ओळीने त्यात एक फाइल बनवा. बॅश नोआरसीने सुरू करा. एलएस, स्पेस, टॅब दाबा. अपेक्षा: नाव पूर्ण व्हावं. घडतं ते: शेल १३९ ने संपतो, दहापैकी दहा वेळा. लोकॅल सी केल्यास घडत नाही. साखळी सोबत जोडली आहे.’

यात भडक विशेषण एकही नाही आणि तर्कही नाही. कारण तुम्हाला काय वाटतं ते लिहायचं असेल तर शेवटी, वेगळ्या परिच्छेदात लिहा. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. अशी आठ-दहा तुटक वाक्यं दहावी पास मुलगा लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याला तेवढीच हवी असतात. बॅशशी आणि लिनक्सशी आधी नीट ओळख करून घ्यायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत.

पाठवल्यावर काम संपत नाही. प्रश्न येतील: दुसऱ्या टर्मिनलमध्ये पाहिलंत का, नव्या आवृत्तीत पाहिलंत का. रिकामा फोल्डर, प्रिंटएफची ओळ आणि साखळीची फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा, म्हणजे मशीन बदललं तरी उत्तर देता येईल. दुरुस्ती आली की तीच कृती पुन्हा करून निकाल कळवा, थांबलं असेल तरी कळवा. आणि सांभाळकर्त्यांना एक विनंती जरूर करा: तुमची देवनागरी फाइल त्यांच्या कायमच्या चाचण्यांत घ्यावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीत हाच दोष परत आला तर तो त्यांच्याच मशीनवर आधी पकडला जाईल.